शिक्षकाचे शिक्षण : फिनलंडचा धडा



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली दरवर्षी प्रसिद्ध होते. तीत भावी डॉक्टर व इंजिनियर पुष्कळ आढळतात. शिक्षक होऊ इच्छिणारा क्वचितच. ज्यास दुसरे काही साधले नाही त्याने मास्तर व्हावे, ही समजूत आपल्या घराघरांत रुजली आहे. ती समजूत एका लहानशा राष्ट्राने कशी दूर सारली, याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फिनलंड हा युरोपच्या उत्तरेकडील थंड प्रदेश १८०९ पासून १९१७ पर्यंत रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. त्या काळात उनो सिग्नेयुस या धर्मोपदेशकाने परदेशांतील शाळा हिंडून पाहिल्या आणि १८६३ साली युवास्क्युला या गावी देशातील पहिले फिनिश भाषेतील अध्यापक विद्यालय उघडले. तेथे पुरुषांबरोबर स्त्रियांसही प्रवेश होता, आणि पुस्तकी विद्येइतकाच हस्तोद्योगास मान होता.

पुढे १९६८ च्या कायद्याने सर्व मुलांसाठी नऊ वर्षांची समान शाळा ठरली. हुशार व मंद, श्रीमंत व गरीब एकाच वर्गात बसू लागले. अशा वर्गास ठराविक साच्यातला मास्तर पुरा पडणार नव्हता. यास्तव शिक्षकांचे शिक्षण विद्यापीठांकडे सोपविण्यात आले, आणि १९७९ पासून प्राथमिक वर्गाच्या शिक्षकासही पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. हा विद्यार्थी संशोधनपद्धती शिकतो, प्रबंध लिहितो आणि विद्यापीठाच्या सराव शाळेत मार्गदर्शकासमोर पाठ घेतो. हेतू असा की, वर्गात मूल अडले तर त्याने कारण शोधावे, उपाय योजावा व परिणाम तपासून पाहावा.

याचे मोल आम्हांस स्वानुभवाने कळते. आम्ही मॅट्रिक होऊन या व्यवसायात शिरलो आणि आमच्या गुरुजींनी शिकविले तसेच शिकवीत राहिलो. एक मुलगा ५२ मधून ३८ वजा करून नेहमी २६ उत्तर आणी. आम्ही त्यास 'ढ' ठरवून मागच्या बाकावर बसविले. तो प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत होता, त्याच्या चुकीलाही नियम होता, हे पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आले. तोवर तो शाळा सोडून गेला होता. चूक वाचावयाची असते, हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते, हे खरे. परंतु आम्हीही त्याला कधी विचारले नाही.

केवळ पदवीने सर्व काही साधते, असे मात्र नव्हे. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात अग्रस्थानी राहिलेल्या फिनलंडचे गुण २००६ नंतर घसरत गेले. शिक्षक मात्र तसेच उच्चशिक्षित होते. तथापि आजारी मुलासाठी आपण शिकलेला वैद्य शोधतो, मग अडलेल्या मुलासाठी शिकलेला शिक्षक का नको?

आपल्या देशात बी.एड. हा अभ्यासक्रम २०१५ साली दोन वर्षांचा झाला. त्याचा खर्च सामान्य कुटुंबास जड जातो. म्हणून मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून निदान एक शिष्यवृत्ती, दरवर्षी, शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या हुशार मुलास वा मुलीस राखून ठेवावी, अशी कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे. मागच्या बाकावरील त्या मुलाचे ऋण आम्हांस आता फेडता येणार नाही. ते निदान पुढच्या पिढीच्या शिक्षकाकडून फिटावे, हीच इच्छा.