वेळेआधी पोहोचण्याचा अपराध

उशीर हा दोष आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. शाळेची घंटा, आगगाडीची शिट्टी, कचेरीतील हजेरीपट आणि आता त्या हजेरीपटाच्या जागी आलेले बोटाचा ठसा घेणारे यंत्र, ही सारी त्या एकाच शिकवणुकीची साधने होत. परंतु वेळेच्या आधी पोहोचणे हाही अपराध असू शकतो, इतकेच नव्हे तर तो उशिरापेक्षा मोठा अपराध मानला जाऊ शकतो, असे कोणी म्हटले तर आपल्याला ते चमत्कारिक वाटेल. आणि शर्यतीच्या बाबतीत तसे म्हटले तर ते वेडेपणाचेच वाटेल. जो आधी पोहोचतो तो जिंकतो, ही तर शर्यतीची व्याख्या!

तरीही अशी एक शर्यत आहे. रानावनातून, चिखलातून, ओढ्यानाल्यांतून मोटारसायकली हाकण्याची ही शर्यत ‘एन्ड्युरो’ या नावाने ओळखली जाते. तिचा एक जुना प्रकार अमेरिकेत विशेष रुजला. त्यात स्वाराला ठरावीक सरासरी वेग दिलेला असतो. बहुधा ताशी चोवीस मैल. एवढ्या वेगाने एका मैलाला अडीच मिनिटे लागतात. बारा मैलांच्या खुणेवर स्वार निघाल्यापासून बरोबर तिसाव्या मिनिटाला असला पाहिजे. एकोणतिसाव्याला नव्हे आणि एकतिसाव्यालाही नव्हे. वाटेत कोठेतरी झाडीआड पंच घड्याळ घेऊन बसलेले असतात, आणि ते कोठे आहेत हे स्वाराला आधी सांगितलेले नसते. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण दंड. लवकर पोहोचला तर पहिल्या मिनिटाला दोन आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला पाच! आपल्या जुन्या घटिकापात्राची एक घटका चोवीस मिनिटांची. त्या हिशोबाने या स्वाराने एका घटकेत नऊ मैल आणि सहा दशांश एवढेच अंतर कापावयाचे, न कमी न जास्त.

हा विचित्र नियम आला कोठून, आणि तो पाळण्यासाठी माणसाने जी साधने शोधली त्यांनी त्या नियमाचे व माणसाचे काय केले, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

या नियमाचे मूळ खेळात नाही, टपालात आहे. १७८४ च्या ऑगस्ट महिन्यात जॉन पामर याच्या योजनेप्रमाणे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली टपालाची घोडागाडी धावली. पुढे या गाड्यांवरील रक्षकाजवळ सरकारी घड्याळ देण्यात येऊ लागले. ते पेटीत बंद असे आणि पेटीला कुलूप असे. रक्षकाने वेळ पाहावी, पण काटे फिरवू नयेत, हा त्यातला हेतू. शिवाय त्या काळी प्रत्येक गावाची वेळ त्याच्या सूर्याप्रमाणे निराळी होती. म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीतले घड्याळ थोडे मागे पडेल आणि पूर्वेकडे येणाऱ्या गाडीतले थोडे पुढे धावेल, अशी योजना कारागिरांनी केलेली असे. प्रवास करणाराच्या हाती घड्याळ आहे, पण त्याची किल्ली वरिष्ठांच्या हाती आहे, हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास ही त्या किल्लीच्या हस्तांतराचीच कथा आहे.

घोड्यांच्या जागी मोटार आली तेव्हा प्रश्न असा होता की हे नवे वाहन विश्वासार्ह आहे काय. १९०० साली इंग्लंडच्या मोटार क्लबाने हजार मैलांची कसोटी घेतली. त्या वेळी तेथील कायद्याने मोटारीला ताशी बारा मैलांहून अधिक वेगाने धावण्याची मनाई होती. साहजिकच जो फार लवकर पोहोचला त्याने कायदा मोडला, हे सिद्ध होण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नव्हती! वेगापेक्षा नियमितपणा श्रेष्ठ, ही कल्पना अशा रीतीने कायद्याच्या भीतीतून आणि यंत्राच्या अविश्वासातून जन्मास आली. १९०८ साली अमेरिकन मोटारसायकल-संघाच्या सहनशक्तीच्या कसोटीत वॉल्टर डेव्हिडसन याने स्वतःच्या कारखान्याची मोटारसायकल चालवून हजारपैकी हजार गुण मिळविले. वर सातत्याबद्दल पाच गुण अधिक. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी सुरू झाली. आजचा एन्ड्युरो हा याच कुळातला.

आपल्या देशात ही हवा फार उशिरा आली असे समजण्याचे कारण नाही. १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्लीहून निघून जानेवारीत मुंबईस पोहोचणारी मोटारींची कसोटी पश्चिम हिंदुस्थानच्या मोटार संघाने भरविली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला यात मोटारींपेक्षा घड्याळांचे कुतूहल अधिक वाटावे. कारण त्या वेळी हिंदुस्थानाला एक वेळच नव्हती. दिल्लीचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सतरा-साडेसतरा मिनिटे आधी माथ्यावर येतो. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत. आणि मुंबईकर आपल्या वेळेला घट्ट धरून बसले होते. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन याने मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला, तो दोन वर्षांत सोडून द्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सध्याची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती, आणि मुंबईत जुनी वेळ त्यानंतरही जवळजवळ अर्धे शतक रेंगाळत राहिली. ज्या स्पर्धेत एका मिनिटाला दंड, ती एका वेळेच्या देशातच नीट खेळता येते. किल्ली पुन्हा वरिष्ठांच्या हाती गेल्याशिवाय खेळ सुरू होत नाही!

येथे आम्हा भिलाईकरांना एक गंमत सांगावीशी वाटते. प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. भिलाई तिच्या पश्चिमेस जेमतेम एक अंशावर आहे. म्हणून घड्याळात बारा वाजल्यानंतर साडेचार मिनिटांच्या सुमारास आमच्या सूर्याचे बारा वाजतात. मुंबईहून बदलून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात येथे फार लवकर उजाडते असे वाटते, ते काही त्याच्या झोपेचे दुखणे नव्हे. आयुष्यभर तो सूर्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे आधी कामाला लागलेला असतो. येथे प्रथमच घड्याळ आणि आकाश यांची भेट होते.

आता साधनांकडे वळू. प्रारंभी स्वाराजवळ मनगटी घड्याळ, अंतर मोजणारे चक्र आणि कागद एवढेच असे. पुढे हँडलवर एक लहानशी डबी आली. तिच्यात कागदाची लांब पट्टी गुंडाळलेली असे व ती बोटाने सरकवावयाची. पट्टीवर अंतर आणि त्या अंतराला यावयाची वेळ आधीच लिहिलेली असे. ही पट्टी आदल्या रात्री दिव्याखाली बसून तयार करावी लागे. मोटारींच्या शर्यतीत तर चालकाशेजारी एक गणिती बसू लागला. १९५० नंतरच्या दशकात स्वीडनमधून ‘हाल्डा स्पीडपायलट’ नावाचे यंत्र आले. त्यात सरासरी वेग लावून ठेवला की आपण वेळेच्या पुढे आहोत की मागे, हे तबकडीवरचे काटे सांगत. आणि त्याच सुमारास या गणितींच्या मुठीत ‘कुर्टा’ हे दळणाच्या गिरणीसारखे फिरवावयाचे हिशोबाचे यंत्र दिसू लागले. त्याचा जनक कुर्ट हेर्त्सश्टार्क हा ऑस्ट्रियन. १९४३ साली तो नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीत कैदी झाला, आणि तेथेच त्याने या यंत्राचे आराखडे पूर्ण केले. युद्धानंतर १९४८ पासून लिख्टेनश्टाइनमध्ये त्याचे उत्पादन होऊ लागले. ज्या माणसाला उद्याचा दिवस दिसेल की नाही याची शाश्वती नव्हती, त्याच्या यंत्रावर पुढे लोक शर्यतीतले सेकंद मोजीत बसले.

या युगातील एक मोठी स्पर्धा मुंबईने प्रत्यक्ष पाहिली. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून अठ्ठ्याण्णव मोटारी सिडनीकडे निघाल्या. दिल्लीहून इंदूरमार्गे त्या डिसेंबरच्या आरंभी मुंबईस आल्या तेव्हा त्यांपैकी बहात्तर उरल्या होत्या. येथून ‘चुसान’ नावाच्या बोटीने त्यांना ऑस्ट्रेलियास नेण्यात आले. प्रत्येक ठाण्यावर यावयाची वेळ ठरलेली आणि उशिराच्या प्रत्येक मिनिटाला एक गुण दंड. १७ डिसेंबर रोजी, सिडनी अगदी जवळ आली असता, आघाडीवर असलेल्या ल्युसियाँ बियांकी याच्या मोटारीला समोरून येणाऱ्या मोटारीची धडक बसली. मागून पॅडी हॉपकर्क आला. त्याला जिंकण्याची आशा होती. पण तो थांबला, जखमींच्या मदतीला धावला आणि आग विझविली. त्याच्या मागून आलेल्या अँड्र्यू कोवन याला, सर्व ठीक आहे, पुढे जा, अशी खूण मिळाली. कोवन जिंकला, हॉपकर्क दुसरा आला. त्या दिवशी हॉपकर्कच्या घड्याळाने त्याला काय सांगितले असेल, हे सांगावयास नको. त्याने ते ऐकले नाही, एवढेच इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

१९८० नंतरच्या दशकात कागदाची पट्टी आणि मनगटी घड्याळ या दोहोंची जागा घेणारा लहानसा संगणक मोटारसायकलच्या हँडलवर आला. अमेरिकेतील ‘आय. सी. ओ.’ या कारखान्याचा ‘चेकमेट’ त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. पुढच्या चाकाजवळ एक लोहचुंबक व एक संवेदक बसवितात. चाकाचा प्रत्येक फेरा तारेतून संगणकाला कळतो. चाकाचा घेर त्याला आधी सांगून ठेवलेला असतो. फेऱ्यांवरून अंतर आणि अंतरावरून यावयाची वेळ तो काढतो आणि स्वार किती सेकंद पुढे अथवा मागे आहे ते पडद्यावर दाखवितो. मागचे चाक चिखलात जागच्या जागी गरगरते, म्हणून पुढचे चाक निवडावयाचे. मार्गावरील वेगबदल आदल्या रात्री यंत्रात भरून ठेवावयाचे. एवढे केले की वाटेतले सारे गणित संपले.

सारे संपले, असे मात्र म्हणता येत नाही. संयोजकांनी मोजलेला मैल आणि आपल्या चाकाने मोजलेला मैल यांत थोडा फरक राहतोच. टायर झिजते, वाट चुकून परत यावे लागते, चाक हवेत उडते. मग ज्ञात खुणेशी येऊन यंत्राचा आकडा हाताने दुरुस्त करावा लागतो. म्हणजे यंत्राला सत्य सांगणारा शेवटी माणूसच. शिवाय यंत्र फार तर ‘तू चाळीस सेकंद मागे आहेस’ असे सांगेल; समोरचा ओढा त्या चाळीस सेकंदांसाठी किती जोराने उडवावा, हे ते सांगत नाही.

तथापि या यंत्राने एक गोष्ट बदलली ती बदललीच. पूर्वी पट्टी लिहिणारा, मनात बेरजा करणारा, डोके शांत ठेवणारा प्रौढ स्वार अंगाने बळकट पण हिशोबात कच्च्या अशा तरुणाला मागे टाकू शके. हिशोब विकत मिळू लागला तेव्हा ते अंतर मिटले. हे चांगले की वाईट? मला वाटते, यंत्राने ज्ञान सर्वांना दिले याबद्दल तक्रार करणे योग्य नाही. कुर्टा हातात घेणाऱ्यानेही तेच केले होते. परंतु ज्या कसोटीचे मर्म गणितात होते ते गणितच यंत्राने उचलले तेव्हा कसोटी पोकळ होऊ लागली, हेही खरे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय मालिकेने वेळेचे हे गणित सोडून दिले. प्रत्येक टप्प्याच्या प्रारंभी स्वाराला थांबवून सोडावयाचे आणि पुढे फक्त वेग मोजावयाचा, अशी पद्धत आली. जुना खेळ स्थानिक स्पर्धांतून टिकून आहे. आपल्याकडेही १९९९ साली सुरू झालेल्या ‘रेड द हिमालय’ या स्पर्धेत वेगाच्या विभागाबरोबरच वेळ, वेग आणि अंतर यांच्या मेळाचा एक विभाग होता, आणि तशा स्पर्धा आजही देशात होतात. फरक एवढाच की आता उपग्रहाच्या साहाय्याने स्वाराचा क्षणाक्षणाचा ठाव संयोजकांना लागू शकतो. टपालगाडीच्या रक्षकाचे कुलूपबंद घड्याळ पुन्हा परतले आहे. फक्त पेटी आता आकाशात आहे.

आम्हा सरकारी नोकरांना हे चित्र परके नाही. २०१४ पासून केंद्राच्या कचेऱ्यांतून आधाराशी जोडलेली हजेरी सुरू झाली. ठसा उमटला की मिनिट नोंदले जाते. उशिराबद्दल अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा कापली जाते. लवकर आलेल्याला ना दंड ना शाबासकी. यंत्र आपण केव्हा आलो ते जाणते, कशासाठी आलो ते जाणत नाही. रस्त्यात अपघात झालेल्या माणसाला रुग्णालयात पोहोचवून अर्धा तास उशिरा आलेला कारकून आणि चहाच्या टपरीवर रेंगाळलेला कारकून हे दोघेही त्याच्या लेखी सारखेच. तो भेद करावयाचा तर यंत्रामागे बसलेल्या अधिकाऱ्यानेच केला पाहिजे, आणि तो करण्याचा त्याचा अधिकार आपण यंत्राच्या स्वाधीन करता कामा नये.

भिलाईच्या कारखान्यात १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात. वेळ एक करण्याची निकड जगाला प्रथम लागली ती या रुळांमुळेच. तापलेला लाल रूळ साच्यातून लांबच लांब बाहेर येताना पाहिला की मनात येते, देशाचे घड्याळ यांच्यावरून धावते. त्या घड्याळाबरोबर चालणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु हॉपकर्कसारखा एखादा क्षण वाटेत आला तर त्याच्यासाठी मिनिटे खर्च करण्याचा अधिकार मात्र माणसाने स्वतःजवळ ठेवावा. ती किल्ली कोणत्याही यंत्राच्या पेटीत बंद होऊ देऊ नये.