हुकूम आणि हुरूप

कोल्हापूरच्या दसरा चौकाजवळ भाऊसिंगजी रस्त्यावर काळ्या दगडांची जी भारदस्त वास्तू उभी आहे, तिला गाव आज नुसते ‘सीपीआर’ म्हणते. परंतु छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव लाभण्यापूर्वी संस्थानच्या दप्तरात तिची नोंद ब्रिटिश युवराजाच्या नावाने, म्हणजे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल अशी होती. येथील स्त्रीकक्षाचे आधिपत्य 1886 साली करवीर दरबाराने अमेरिकेत वैद्यकीची पदवी संपादन केलेल्या आनंदीबाई जोशी यांना देऊ केले. पण क्षयाने जर्जर झालेल्या त्या विदुषीने 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास देह ठेवला, आणि ती नेमणूक कागदावरच राहिली. पुढे कृष्णाबाई केळवकर यांनी याच वास्तूत दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

नेमणूक हुकमाने होते. तिच्यासोबत मान येतोच असे नाही. शाहू छत्रपतींनी 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतून भरण्याचे फर्मावले, तेव्हा कचेऱ्यांचे दरवाजे उघडले. पण आत गेलेल्या माणसाला वरिष्ठाने ताटकळत ठेवले, पाणउतारा केला, तर त्याचा हुरूप टिकावा कसा? हे ओळखूनच 1919 च्या आरंभी महाराजांनी अस्पृश्य वर्गातून सरकारी नोकरीत आलेल्यांना ममतेने व समतेने वागवावे, आणि ज्या अंमलदारास हे रुचत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाही, असा सक्त हुकूम काढला. दवाखान्यांत येणाऱ्या अस्पृश्य रोग्यांचा अवमान होऊ नये म्हणून त्यांनी मिरजेच्या अमेरिकन मिशनचा कित्ता आपल्या वैद्यकीय नोकरवर्गापुढे ठेवला.

या हुकमाचे मर्म असे की त्याचा रोख शिपायावर नसून साहेबावर होता. एरवी खात्याचा शिरस्ता म्हणजे ठपका नेहमी उताराला लागायचा: सर्जन डॉक्टरवर चिडतो, डॉक्टर परिचारिकेवर, परिचारिका वॉर्डबॉयवर, आणि वॉर्डबॉयच्या हाताखाली कोणीच नसल्यामुळे तो रोग्याच्या नातलगावर खेकसतो. कारभाराचा दोष असा पायरीपायरीने खाली येऊन अखेर खाटेपाशी पोहोचतो, आणि गावात मात्र बोभाटा होतो तो ‘तिथली माणसे उर्मट’ असाच.

1 मार्च 1949 रोजी संस्थान विलीन झाले, आणि वाड्यावर जाऊन मांडता येणारे गाऱ्हाणे मुंबईच्या टपालात पडले. जागा मंजूर करणारा दूर गेला. रिकाम्या जागेचे काम मात्र हजर असलेल्याच्याच अंगावर येऊ लागले. रुग्णालयातील शिस्तीचा विचार करताना आपण आजही मुदत घालतो ती बहुधा खालच्या नोकराला. ती वरच्या अंमलदाराला घालावी, आणि तीही त्याच्या पेन्शनीशी बांधून घालावी, हे करवीरच्या राजाने 1919 सालीच लिहून ठेवले होते.