गाठीपासून गाठीपर्यंत

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955च्या जुलैत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रूच्या बॉयलर-कारखान्यात घेऊन गेले. पोलादातली भेग ध्वनिलहरींनी शोधणारं यंत्र तिथे होतं. तुलनेसाठी मांसाचा मोठा तुकडाही सोबत होता. पाण्याच्या गाठीतून लहरी बिनबोभाट आरपार गेल्या, घट्ट गाठीतून प्रतिध्वनी येत राहिले. पडद्यावर पाणी काळं दिसतं, मांस करडं: सोनोग्राफी आजही याच फरकावर चालते. पुढे, जठराचा कर्करोग झालाय आणि आता इलाज नाही असं ठरलेल्या एका बाईच्या पोटात डोनाल्डना अशाच यंत्राने पाण्याची गाठ दिसली. अंडाशयाची ती अवाढव्य गाठ काढली आणि बाई वाचली. डोनाल्ड, त्यांचे सहकारी मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांचा 7 जून 1958च्या ‘लॅन्सेट’मधला लेख होता तो पोटातल्या गाठींवर. गर्भाच्या प्रतिमाही त्याच लेखात होत्या.

गर्भाच्याच अंडाशयातली गाठ जन्माआधी ओळखल्याची नोंद 1975मध्ये अमेरिकेत झाली. आईच्या आणि वारेच्या संप्रेरकांवर वाढणारी ही गाठ बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत दिसते. जन्मानंतर तो पुरवठा तुटतो आणि लहान गाठी काही महिन्यांत आपोआप विरतात. चार-पाच सेंटिमीटरहून मोठ्या गाठीला मात्र पीळ पडण्याची भीती असते. काळ्या पोकळीत गाळ दिसू लागला की डॉक्टर सावध होतात. पोटातच सुईने पाणी काढावं का, यावर अजून एकमत नाही. पित्तनलिका, आतडं, मूत्रपिंड यांच्या गाठीही अशाच काळ्या दिसतात, म्हणून जागा आणि भिंत नीट पाहावी लागते.

आपल्याकडे मात्र सोनोग्राफीच्या याच यंत्राने मुलींचा जीव घेतला. गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा 1994मध्ये आला. तरीही 2023मध्ये कर्नाटकातल्या मंड्यात चक्क गुऱ्हाळात चालणारी तपासणी पोलिसांनी उघडकीला आणली. लिंग शब्दाने किंवा खुणेनेही सांगायचं नाही, असा कायदा आहे. आणि अंडाशयाची गाठ म्हटली की मुलगी हे उघडच. मग डॉक्टरने लिहायचं ते ‘ओटीपोटात, मूत्राशयाशेजारी पाण्याची गाठ’ एवढंच. हे मौन मला पूर्ण योग्य वाटतं, कारण त्याने आईला मिळणारा सल्ला बदलत नाही: काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, गाठीचं माप, गाळ आहे का ते पाहणं.

पण त्यासाठी, उदाहरणार्थ, म्हैसूर जिल्ह्यातल्या कृष्णराजनगरच्या बाईला सुमारे 40 किलोमीटरवरचं म्हैसूर गाठावं लागू शकतं. तिथे चेलुवांबा हे बायकांचं आणि मुलांचं सरकारी रुग्णालय आहे. गाठ मोठी असेल, तर जिथे बालशल्यविशारद हाताशी असेल तिथेच बाळंतपण व्हावं, आणि जन्मानंतर पहिल्या दिवसांतच बाळाची पुन्हा सोनोग्राफी व्हावी. घाईने गर्भपाताचा विचार करण्याचं कारण अशा साध्या गाठीत सहसा नसतं. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत, त्यांच्या भाषेत सांगायला हवं.