चेंडू आणि चिंधी

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हेच वाचकांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. ज्याचें आयुष्य कॉलेजांत इतिहास शिकविण्यांत गेलें, त्यानें कुत्र्यांच्या खेळावर लेख लिहावा हें कांहींजणांस थट्टेचें वाटेल. परंतु या लेखास कारण झालेला प्रश्न आमच्या अंगणांतच उत्पन्न झाला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस पुन्हां इतिहासाकडेच यावें लागलें.

पुण्यांत एरंडवण्याच्या बाजूस आमचें घर आहे. तीन वर्षांपूर्वीं आमच्या मुलीनें हट्टानें डॅशहुंड जातीचें एक पिलूं घरीं आणिलें. पाठ लांब, पाय आखूड, आणि ऐट मात्र सरदाराची. सातारकर शाहूमहाराजांच्या आवडत्या कुत्र्याचें नांव खंड्या होतें. त्यानें शिकारींत महाराजांस वाघापासून वांचविलें अशी कथा सांगतात, आणि संगम माहुलीस त्याची समाधि आहे. तेंच नांव आम्हीं या वीतभर उंचीच्या प्राण्यास दिलें.

आमच्या शेजाऱ्यांकडे एक लॅब्राडोर आहे. चेंडू फेंकला कीं तो धांवत जातो, तोंडांत अलगद धरतो आणि धन्याच्या पायांपाशीं आणून ठेवतो. असें वीस वेळां केलें तरी त्यास कंटाळा नाहीं. आमच्या खंड्यापुढें चेंडू टाकला तर तो चार पावलें जातो, वास घेतो, आणि ‘तुम्हींच टाकलात, तुम्हींच आणा’ अशा मुद्रेनें आमच्याकडे पाहतो. उलट जुन्या पंच्याचें एक टोंक त्याच्यापुढें नाचविलें कीं त्याच्या अंगांत वारें शिरतें. दांत रोवून, मागले पाय जमिनींत घट्ट रुतवून, गुरगुरत तो असा ओढतो कीं दुसरें टोंक धरणारास घाम फुटावा.

आम्हीं त्यास मठ्ठ ठरविलें. त्यांत एका परिचितांनीं भर घातली कीं, चिंधी ओढूं दिली तर कुत्रा हिंस्र होतो व धन्यास जुमानीत नाहीं. आम्हीं पंचा उचलून ठेवला. पुढल्या दोन महिन्यांत तुळशीवृंदावनाभोंवतालची माती उकरली गेली, मोगऱ्याचीं दोन रोपें उपटलीं गेलीं, आणि एके दिवशीं सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’च्या एका भागाची पाठ कुरतडलेली सांपडली. तेव्हां हा कुत्रा कोणास तरी देऊन टाकावा, असें आम्ही रागाच्या भरांत बोलून गेलों. मुलीनें दोन दिवस आमच्याशीं अबोला धरला. तिसऱ्या दिवशीं, कांहींशा लाजेनेंच, आम्ही या विषयाचीं पुस्तकें वाचावयास बसलों.

पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही. लांडग्याच्या शिकारीचे टप्पे असतात: भक्ष्य पाहणें, दबत दबत जाणें, पाठलाग करणें, पकडणें, मारणें आणि फाडणें. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. परंतु माणसानें आपल्या कामाप्रमाणें या साखळींतील एखादा दुवा वाढविला, तर एखादा जवळजवळ पुसून टाकिला. खेळांत कुत्रा त्याच्या जातींत बळावलेला दुवाच पुनःपुन्हां आळवितो. फेंकलेला चेंडू हें पळतें भक्ष्य आहे. तो पाठलागाची वृत्ति जागवितो. ताणलेली चिंधी हें सांपडलेलें, सुटण्यासाठीं धडपडणारें भक्ष्य आहे. ती पकडण्याची वृत्ति जागविते.

आतां चेंडू परत आणणारा कुत्रा कोठून आला तें पाहूं. एकोणिसाव्या शतकांत बंदुकी सुधारल्या आणि उडता पक्षी दुरून टिपणें इंग्लंड-स्कॉटलंडांतील धनिकांस सुलभ झालें. पक्षी झाडोऱ्यांत किंवा पाण्यांत पडे. तो शोधून, दांत न लावतां, धन्याच्या हातीं आणून देणारा नोकर हवा होता. ‘रिट्रीव्हर’ या शब्दाचा अर्थच परत आणून देणारा असा आहे. लॉर्ड ट्वीडमथ या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेल्या गृहस्थांनीं १८६८ सालीं स्कॉटलंडांतील आपल्या जागेंत पिंवळ्या रिट्रीव्हरचा पाण-स्पॅनिअलाशीं संकर केला. त्यांतून आजचा गोल्डन रिट्रीव्हर निघाला. लॅब्राडोराचे पूर्वज न्यू फाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यांत काम करीत. इंग्लंडांतील केनेल क्लबानें ही जात १९०३ सालीं स्वतंत्र म्हणून मान्य केली. पाठलाग करावयाचा, पकडावयाचें, पण मारावयाचें नाहीं, आणि मिळालेलें दुसऱ्यास द्यावयाचें, हें या कुत्र्यांचें कुळकाम. चेंडू हा त्यांचा पक्षीच होय.

चिंधी ओढणाऱ्यांचा इतिहास निराळा आहे. इंग्लंडांत बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ शेंकडों वर्षें चालला. बैलाच्या नाकपुडीस दांत रोवून कांहीं झालें तरी न सोडणारा कुत्रा त्यांत श्रेष्ठ गणला जाई. १८३५ सालीं पार्लमेंटानें कायद्यानें तो खेळ बंद केला, तरी त्या जबड्याची पकड बुलडॉग व बुल-टेरिअर यांच्या वंशांत राहिली. टेरिअर हा शब्द लॅटिनांतील भूमिवाचक शब्दापासून आला. बिळांत शिरून कोल्ह्याशीं किंवा उंदीर-घुशींशीं झुंजावयाचें हें त्याचें काम. आमच्या खंड्याचें कुळही याच पंथाचें. जर्मन भाषेंत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर हा जाड कातड्याचा बिळांत राहणारा प्राणी, आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. १८८८ सालीं जर्मनींत या जातीचा स्वतंत्र संघ निघाला, परंतु शिकाऱ्यांनीं तिला त्याच्या पूर्वींच घडविलें होतें. अंधाऱ्या बिळांत हुकूम देणारा धनी नसतो आणि पाठलागास जागा नसते. असते ती दांतांची पकड आणि मागें रेटणारे पाय. आमचा पंचा म्हणजे खंड्याचा बॅजर होता, आणि तुळशीची माती हें त्याचें बीळ!

हें वाचल्यावर आम्हांस आपल्या भूमींतील कुत्रे आठवले. दक्षिणेंतील लांबट, सडपातळ कारवानी कुत्रा नजरेनें शिकार करणारा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं त्याचा सांभाळ केला, म्हणून त्यास मुधोळचा कुत्रा असेंही म्हणतात. तें मुधोळ आज कर्नाटकांत आहे. ससा दिसला कीं बाणासारखें सुटावें हा त्याचा धर्म. चेंडूमागें तो धांवेल, परंतु चेंडू थांबला कीं त्याचा त्यांतला रस बहुधा संपतो. धनगराचा कुत्रा तर याहून वेगळा. मेंढरामागें धांवणारा राखण्या कळपाच्या काय कामाचा? पाठलागाची वृत्ति त्याच्यांत दडपली गेली. म्हणून चेंडू आणि चिंधी या दोहोंविषयीं तो बहुतेक उदासीन. जेजुरीच्या खंडोबापाशीं कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून लोखंडी साखळी हिसडून लंगर तोडतात. देवाच्या या कुत्र्यांस कोणीं चेंडू आणावयास सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं.

येथें आमची आम्हांसच शरम वाटली. शहाणा कुत्रा तो, जो टाकलेलें परत आणून देतो, हें माप आम्हीं कोठून घेतलें? लहानपणीं वाचलेल्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतून. एका देशांतील एका वर्गाच्या पक्षिशिकारीसाठीं जी नोकरी निर्माण झाली, ती आम्हीं साऱ्या श्वानजातीच्या बुद्धीची कसोटी मानिली, आणि त्याच कसोटीस लावून आमच्या कारवानी व धनगरी कुत्र्यांसही अडाणी म्हटलें. टपालखात्यानें २००५ सालीं मुधोळच्या कुत्र्याचें तिकीट काढिलें आणि २०१६ सालीं लष्करानें तो कुत्रा शिक्षणासाठीं मेरठास नेला, तेव्हां कोठें अनेक सुशिक्षितांचें लक्ष त्याच्याकडे गेलें. आम्ही त्यांतलेच एक.

परिचितांच्या भीतीचेंही निरसन झालें. २००२ सालीं रूनी व ब्रॅडशॉ या इंग्रज अभ्यासकांनीं चौदा गोल्डन रिट्रीव्हरांशीं ओढाओढीचे खेळ खेळून पाहिले. कांहीं वेळां कुत्र्यास जिंकूं दिलें, कांहीं वेळां हरविलें. जिंकल्यामुळें कुत्रा धन्यावर शिरजोर होतो असें त्यांस आढळलें नाहीं. मात्र जातीलाच सर्वस्व मानणें हीही चूक होय. २०२२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती घेतली होती. कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनाच्या फरकापैकीं सुमारें ९ टक्केच जातीनें उलगडतो असें त्यांत दिसलें. आज्ञाधारकपणासारख्या कांहीं गुणांत जातीचा ठसा अधिक आहे, तरी चेंडूवर जीव टाकणारा डॅशहुंडही असूं शकेल. इतिहास कल सांगतो. निकाल ज्याच्या त्याच्या अंगणांत लागतो.

आम्हीं पंचा पुन्हां बाहेर काढिला, परंतु नियम घालून. ‘सोड’ म्हटलें कीं सोडावयाचें. सोडलें कीं लगेच पुन्हां खेळ सुरू. दांत हातास लागले तर त्या दिवशींचा खेळ संपला. या जातीच्या लांब पाठीचे मणके नाजूक, म्हणून पंचा जमिनीलगत धरावयाचा, हिसके द्यावयाचे नाहींत आणि कुत्र्यास वर उचलावयाचा नाहीं. निम्म्या वेळां त्याला जिंकूं द्यावयाचें. पंधरा दिवसांत ‘सोड’ हा शब्द त्यास पाठ झाला. मोगऱ्याचीं नवीं रोपें अद्याप शाबूत आहेत.

पुण्यांत घरोघरीं आतां परदेशीं जातींचे कुत्रे येत आहेत, आणि रंगरूप पाहून आणलेला कुत्रा वर्षभरांत ‘ऐकत नाहीं’ म्हणून टेकडीच्या पायथ्याशीं सोडून दिल्याचेंही आमच्या पाहण्यांत आहे. आणण्यापूर्वीं त्याच्या पूर्वजांस कोणतें काम होतें एवढें जरी विचारलें, तरी यांतील कित्येकांचें घर सुटणार नाहीं. आमच्या भाषेंत खेंचणें आणि जिव्हाळा या दोहोंस ‘ओढ’ हा एकच शब्द आहे. खंड्यानें एखादे वेळीं पंचा जिंकला तर तो घेऊन पळून जात नाहीं; तो पुन्हां आमच्याच हातीं त्याचें टोंक आणून देतो, आणि पाय रोवून वाट पाहत उभा राहतो.