शस्त्रक्रियेपूर्वींची भीति

शस्त्रक्रियेच्या वेदनेवर मनुष्यानें विजय केव्हां मिळविला, याची तारीख इतिहासांत नोंदलेली आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत, दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनीं एका रुग्णास ईथर हुंगविलें आणि डॉ. वॉरन यांनीं त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्र चालविलें. त्यापूर्वीं उपाय नव्हतेच असें नाहीं. वेदना न सोसणाऱ्या मद्यपी रुग्णास शस्त्रकर्मापूर्वीं तीक्ष्ण मद्य पाजावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. आणि १८४५ सालीं बंगालमधील हुगळी येथें डॉ. एस्डेल यांनीं मोहिनीविद्येच्या साहाय्यानें शस्त्रक्रिया केल्या होत्या.

ईथरनें वेदना गेली. भीति मात्र राहिली. ईथर मिळतें तें मेजावर निजल्यावर. भीति आदल्या रात्रींपासूनच उशाशीं येऊन बसते. १९१४ सालीं अमेरिकेंतील डॉ. इव्हान केन यांनीं शस्त्रक्रियागृहांत फोनोग्राफ लावून रुग्णाचें मन गुंतविण्याचा उपाय सुचविला. हेंच तत्त्व गेल्या शतकाच्या अखेरीस सिॲटल येथील हॉफमन व पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनीं पुढें नेलें. भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी चालू असतां त्यांच्या डोळ्यांवर एक पेटीवजा चष्मा चढवावयाचा व त्यांतून त्यांना निराळ्याच सृष्टींत न्यावयाचें. पुढें त्यांनीं या रुग्णांसाठीं एक हिममय दरी निर्माण केली. तेथें बर्फाचे गोळे फेकण्यांत रुग्णाचें चित्त रमे. या साधनास आभासी वास्तव म्हणतात.

शस्त्रक्रियेच्या आधींही तें उपयोगी पडतें. दक्षिण कोरियांतील एका प्रयोगांत, जो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, ४ ते १० वर्षांचीं ६९ मुलें होतीं. त्यांपैकीं सुमारें निम्म्या मुलांना या चष्म्यांतून सुमारें ४ मिनिटें शस्त्रक्रियागृहाची सहल घडविली. त्या मुलांची भीति इतरांहून कमी आढळली.

परंतु बोस्टनच्या त्याच हॉस्पिटलांतील आणखी एक प्रयोग विसरतां कामा नये. तेथें डॉ. एग्बर्ट व त्यांचे सहकारी यांनीं पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांपैकीं कांहींजणांना आदल्या रात्रीं भेटून, वेदना कोठें होईल, अंग सैल कसें सोडावें, श्वास कसा घ्यावा, हें समजावून सांगितलें. त्यांना पुढें वेदनाशामक औषध सुमारें निम्मेंच लागलें, असें १९६४ सालीं प्रसिद्ध झालें. या उपायास यंत्र लागलें नव्हतें. खाटेजवळ येऊन धीरानें बोलणारा मनुष्य मात्र लागला होता. नवा चष्मा खुशाल यावा. पण तो आला म्हणून त्या मनुष्यानें येणें सोडूं नये.