भादव्यातली उचल

आमच्या वाडीतली माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, असं कर्जत-खालापुरात कुणीही सांगेल. आजीला ते मान्य नव्हतं. ‘निघतो दिवाळीनंतर, पण बांधले जातो भादव्यातच,’ ती म्हणायची.

भादव्यात लावणीची मजुरी संपलेली असते, भात अजून शेतात उभं आणि कणगी रिकामी. आजीच्या तरुणपणी तेव्हा कडू कंद उकडून, त्याच्या चकत्या रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. कडूपणा गेला नाही तर उपाशी झोपायचं. अशाच दिवसांत मुकादम यायचा. नवरा-बायकोची जोडी धरून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, द्यायचा. ते पैसे तांदळात आणि औषधात जायचे, कधी लग्नात. मग दिवाळीनंतर ट्रक. भांडी, कोंबड्या, पोरं सगळी त्यातच. पनवेल, कल्याण, भिवंडी. पहाटेच्या अंधारात माती मळायची, वीट थापायची, आठवड्याला बाजारापुरती खर्ची घ्यायची. पावसाच्या तोंडावर हिशेब व्हायचा आणि बहुतेकदा अंगावर बाकी निघायची. हिशेबाची वही अर्थातच भट्टीवाल्या शेठची.

आजोबांच्या वेळी सुरुवातीला वीट नव्हती, कोळसा होता. लाकडं रचून वर पाला-माती लिंपायची आणि रात्ररात्र जागून धूर बघायचा. कुठे भगदाड पडलं तर आतल्या लाकडाची राख. कोळसा मुंबईला जायचा. पुढे जंगलतोडीवर बंधनं आली, शहरं वाढली, भट्टीत लाकडाच्या जागी विटा आल्या. उचल मात्र होती तशीच राहिली. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीतलं कर्ज रद्द ठरवलं, पण त्यानंतरही आमच्या वाडीवर ते फेडणंच चालू होतं.

माथेरानच्या भाई कोतवालांनी या दुखण्याची नस ओळखली होती. स्वातंत्र्यलढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या, २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हुतात्मा झालेल्या भाईंबद्दल शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती, हे मला आजोबांकडून कळलं. मला तर ते काम मनोऱ्यांइतकंच मोठं वाटतं. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनेही आदिवासी वाड्यांवर धान्य बँका चालवल्या.

म्हणून अधिकाऱ्यांना आणि संस्थांना एकच सांगणं: नोव्हेंबरात ट्रकमधली पोरं मोजायला येऊ नका. ऑगस्टमध्ये या, आणि येताना तांदूळ घेऊन या.