रुफैदांचा तंबू आणि सूरजागडची वाट

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर आज लोहखनिजासाठी ओळखला जातो. माडिया आदिवासींसाठी मात्र तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. या परिसरात जखमा नव्या नाहीत. मोहफुले वेचणाऱ्यावर अस्वल झडप घालते, झाडावरून माणूस पडतो, कुऱ्हाड निसटून पायावर बसते. गेल्या चार दशकांत त्यात भूसुरुंग आणि बंदुकीच्या गोळ्यांची भर पडली. २०२१ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झाल्यावर खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या अपघातांचीही पडली. जखम कशानेही झालेली असो, घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : दवाखान्यापर्यंत माणूस टिकेल का?

हा प्रश्न मानवाइतकाच जुना आहे. त्याचे एक उत्तर आपल्याला इस्लामच्या आरंभकाळात सापडते. हिजरी सन ५, म्हणजे इ. स. ६२७. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मशिदीतच त्यांच्यासाठी तंबूची सोय केली. त्यांची विचारपूस जवळून करता यावी, हा हेतू होता. तिथे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बाईंचे नाव सीरतकारांनी जपून ठेवले आहे : अस्लम कबिल्यातील रुफैदा (रजि.). वर्गात हा प्रसंग सांगताना आम्ही शिक्षक बहुधा इथेच थांबतो. पण पुढचा भागही सांगायला हवा. डाग देऊन रक्त थांबवले गेले, तरी काही दिवसांनी जखम पुन्हा फुटली आणि साद (रजि.) वाचले नाहीत. या प्रसंगातून दोन गोष्टी कळतात. उपचाराने जखमीच्या जवळ यावे, ही एक. थांबलेले रक्त पुन्हा वाहू शकते, म्हणून पहारा सोडू नये, ही दुसरी.

पुढे साडेतीनशे वर्षांनी स्पेनमध्ये, कुर्तुब्याजवळ, अबुल कासिम अज-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. धमनीतून रक्त उसळत असेल तर आधी तिच्या तोंडावर बोट दाबून धरावे, असे ते सांगतात. मग डाग देणे, अर्धवट तुटलेली धमनी पूर्ण तोडणे, दोऱ्याने बांधणे, रक्त थांबवणारे औषध लावून पट्टी आवळणे, असे चार मार्ग देतात. बाराव्या शतकात हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या वैद्यांनी तो अनेक शतके वापरला. आज प्रथमोपचाराच्या वर्गात पहिली शिकवण तीच असते : जखमेवर हात दाबून धरा.

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस जखमींना रणांगणातूनच उचलणाऱ्या हलक्या घोडागाड्या सुरू केल्या. इजिप्तच्या मोहिमेत त्यांनी त्यासाठी उंट वापरले. हुद्दा न पाहता ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधी उपचार, हा दंडकही त्यांनी पाडला. १९७६ मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक स्टायनर यांचे विमान नेब्रास्काच्या शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात पोहोचल्यावर त्यांना दिसले की गंभीर जखमीला आधी काय करायचे, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. त्या दुःखातून १९७८ मध्ये ग्रामीण डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम तयार झाला. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव, हा त्याचा क्रम अनेक दशके जगभर शिकवला गेला.

आपल्या देशात कायद्याने पाऊल उचलले ते १९८९ मध्ये. अपघातातील एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले आणि तो वाटेतच गेला. त्यावरून आलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसांची कागदपत्रे नंतर. मदत करणाऱ्या वाटसरूला त्रास देऊ नये, हे २०१६ मध्ये न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याने पक्के केले.

आता पुन्हा सूरजागडकडे वळू. एटापल्लीहून गडचिरोली सव्वाशे किलोमीटरहून दूर, आणि तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. पावसाळ्यात नाले भरले की खाटेची कावड करून माणूस न्यावा लागतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी शेजारच्या भामरागड तालुक्यात, हेमलकसा येथे बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे वीज नसताना, कंदिलाच्या उजेडात अस्वलाने फाडलेले चेहरे शिवले. मला हा रुफैदांच्या तंबूचाच वंश वाटतो. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका डॉक्टरांसह आल्या. चकमकीत जखमी झालेल्या जवानांसाठी हेलिकॉप्टर उतरते, आणि पुरात अडलेल्या गरोदर बाईसाठीही कधी ते धावून आले आहे. पण लॅरे यांचा दंडक इथे लावला तर प्रश्न उरतोच : झाडावरून पडलेल्या माडिया माणसाची पाळी कधी येणार?

रस्ता आणि रुग्णालय मागत राहिले पाहिजे. ते होईपर्यंत पहिली काही मिनिटे गावकऱ्यांच्याच हातात आहेत, म्हणून काही खुणा प्रत्येकाला माहीत हव्यात. ओरडणारा जखमी निदान श्वास घेत असतो. गप्प पडलेल्याकडे आधी पाहावे. अंग थंड आणि घामेजलेले, नाडी बारीक व जलद, तहान, तगमग आणि मग गुंगी, ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणे आहेत, मग बाहेर थेंबही दिसो वा न दिसो. अशाला पाणी पाजू नये, पांघरूण घालावे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. हातापायाचे रक्त तरीही थांबेना, तर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून वेळ लिहून ठेवावी. रुतलेला बाण वा काठी उपटू नये. अस्वलाने चेहरा फाडला असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर त्याला पुढे वाकून बसू द्यावे, म्हणजे रक्त घशात जात नाही. रक्त थांबल्यावर बाकीचे ओरखडे साबणपाण्याने धुवावेत, आणि रेबीजची लस विसरू नये. झाडावरून पडलेल्याची मान वळवू नये. झोळ पडलेल्या खाटेवर आधी फळी टाकावी.

यातले एकही काम शिकायला डॉक्टर व्हावे लागत नाही. आश्रमशाळेत, उर्दू शाळेत, मदरशात वर्षातून दोन तास दिले तरी पुरे. रुफैदा (रजि.) यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांचे कामही मुलांच्या हाताला शिकवले, तर त्या घेतलेल्या नावाला अर्थ येईल.